दमलेलीची गल्ली

"आणि ही," मिटलेली लाल छत्री उंच धरून मी म्हणाले, "ही आमच्या गावातली सगळ्यात लाडकी गल्ली. नवरेवालीची गल्ली."

घोळका हसायला लागला.

या जागी कोणी हसत नाही. इथं लोक उसासे टाकतात. आमच्या अलुसेमा गावाच्या गल्ल्या पाहुण्यांना हिंडवून दाखवणं हा माझा धंदा. कुठल्या कोपऱ्यावर माणसं फोटो काढणार, कुठं पाणी मागणार, कुठं डोळे पुसणार, सगळं मला पाठ आहे. त्या दिवशी बुर्गोसची पेन्शनर मंडळी होती. उत्तरेकडची माणसं, हसूसुद्धा काटकसरीनं वापरणारी. आणि तीच आता पोट धरून हसत होती. टक्कल पडलेले एक आजोबा माझ्या डोक्यावरून बोट दाखवत म्हणाले, "मुली, नवरेवाली कुठाय? तिथं तर भलतंच लिहिलंय."

मी मागे वळले.

भिंतीला शिडी लावलेली होती. शिडीवर एक माणूस, पाठमोरा, कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेला. त्याच्या हाताखाली टाइलची नवीकोरी पाटी, पांढऱ्यावर निळी अक्षरं, काय सुंदर वळणाची! आणि तिच्यावर लिहिलं होतं... 'कान्सादा'ची गल्ली.

आमच्या भाषेत 'कासादा' म्हणजे लग्न झालेली, नवरेवाली. आणि 'कान्सादा' म्हणजे दमलेली. मध्ये फक्त एक 'न'.

"अहो!" मी ओरडले. "अहो शिडीवाले! काय लिहून ठेवलंय हे?"

तो वळला. वाऱ्यानं त्याचा सदरा फुगला होता, आणि एका भुवईवर निळा रंग लागला होता.

"सांगितलं ते लिहिलं," तो म्हणाला. "दमलेलीची गल्ली. का हो? ओळखता तुम्ही तिला?"

"ओळखते? मी राहते इथं!"

त्यानं मला निवांत बघून घेतलं. वर धरलेली छत्री, धुळीनं भरलेले बूट, वाऱ्यानं चेहराभर केलेले केस...

"मग बरोबरच आहे की," तो म्हणाला.

बुर्गोसकर पुन्हा खिदळले. मला असा राग आला की शिडीच ओढावी. पण खरं सांगू? त्या रागाच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. माझ्याकडे सगळे बघतात ते छत्रीकडे बघतात. याला मी दमलेली दिसले होते.

घोटाळा कसा झाला ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. खाऱ्या हवेनं खाल्लेल्या जुन्या पाट्या काढून नगरपालिका गावभर नव्या लावत होती. टाइल रंगवायला उबेदाहून माणूस आणला होता, तोच हा एलोय. बंदरावरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्यानं भट्टी मांडली होती. पालिकेतल्या कोणीतरी त्याला नावं फोनवरून सांगितली. आता आम्ही दक्षिणेकडची माणसं शब्दांची शेपटं गिळून टाकतो. 'कासादा'चं 'कासा' होतं आणि 'कान्सादा'चं 'कान्सा'. त्यात लेवान्ते सुटलेला. हा आमचा पूर्वेचा वारा आला की मुक्कामालाच येतो. दातांत वाळू, दारांची आपटाआपट, नळावरची भांडणं घराघरात. अशा वाऱ्यात फोनवर 'ध' चा 'मा' व्हायला कितीसा वेळ लागतो!

लेवान्तेत काही ठरवू नये, असं आमच्याकडे म्हणतात. सोयरीक नाही, घराचा सौदा नाही, कायमचा रामराम तर मुळीच नाही. वारा पडू द्यावा, मग बोलावं.

मला मात्र ठरवायचं होतं. माझी थोरली बहीण चेलो वाय्यादोलिदला असते, समुद्रापासून जमेल तितकी लांब. तिथल्या एका दातांच्या डॉक्टरांना फोन घ्यायला बाई हवी होती, आणि चेलोनं माझं नाव सांगून ठेवलं होतं. शुक्रवारपर्यंत हो म्हण, म्हणाली.

"बसून काम आहे, विसी. आणि तिथं येणाऱ्यांची तोंडं उघडी असतात, पण बोलता येत नाही कोणाला. तुला आणखी काय पाहिजे?"

मला आणखी काही नको होतं. मी दमले होते. पाय दमले होते, घसा दमला होता, पण त्याहून जास्त मी सांगून सांगून दमले होते. गावातल्या दगडादगडाची गोष्ट मी इतक्या जणांना वाटली होती की माझ्यासाठी एकही उरली नव्हती. माणसं यायची, बघायची, जायची. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं आता आठवड्याच्या बोलीनं पाहुण्यांना दिलेली. खिडक्यांत सारखी नवी तोंडं. त्यात माझं नाव विसितासिओन, म्हणजे भेट. जो तो भेट देऊन निघून जातो अशा गावात भेट नावाची बाई! आजीनं बारशाला काय विचार केला होता कोण जाणे.

चेलोला मी मनातल्या मनात केव्हाच हो म्हटलं होतं. फक्त तोंडानं म्हणायचं राहिलं होतं.

गल्लीत कायमच्या राहणाऱ्या आम्ही तिघीच उरलो होतो. मी, आणि समोरच्या दोघी बहिणी, ओबदुलियामावशी आणि त्रिनीमावशी. ऊन उतरलं की आम्ही आपापल्या खुर्च्या दाराबाहेर काढतो आणि सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतो. याचा एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. पाहुणा आला तर त्याला घरातून खुर्ची द्यायची, आणि पाहुण्यानं ती नाकारायची नाही. पण जो इथला, तो आपली खुर्ची आपण घेऊन येतो.

त्या संध्याकाळी एलोय माफी मागायला आला, भुवईवरचा निळा रंग तसाच घेऊन. ओबदुलियामावशीनं आतून गवताच्या विणीची खुर्ची आणून त्याच्यापुढे ठेवली.

"बस बाबा. ही पाहुण्यांची."

"मावशी, चूक माझी," तो बसत म्हणाला. "पाटी उद्याच काढून टाकतो."

"खबरदार!" त्रिनीमावशी उसळली. "अख्ख्या जन्मात पहिल्यांदा पालिकेनं काहीतरी खरं लिहिलंय!"

"पण नाव तर नवरेवालीची..."

"मला होता नवरा. मला विचार ना, यातलं कुठलं नाव मला जास्त शोभतं ते."

"आणि मला नव्हता," ओबदुलियामावशी बीचं टरफल थुंकत म्हणाली, "तरी दमले ती दमलेच. म्हणजे बघ, तुझं नाव आम्हां सगळ्यांना पुरतं."

एलोय हसला. हसताना त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि मी उगीचच चपलेतली वाळू झटकायला लागले.

"तुमचं काय म्हणणं?" त्यानं मला विचारलं.

"माझं बोलणं कामावर संपतं. संध्याकाळी माझ्याकडे काही शिल्लक नसतं."

"पालिका म्हणते, शुक्रवारी महापौर फीत कापणार, त्याच्या आत दुरुस्त करा. नवी रंगवायची, भाजायची, मग भट्टी आपली आपण गार व्हायची वाट बघायची. घाई केली की टाइल तडकते." तो थांबला. "म्हणजे शुक्रवारपर्यंत मी इथंच. आणि बाकीच्या पाट्यांवर मी गावाची आणखी कुठं अब्रू घालवलीय, ते कोणीतरी हिंडून दाखवायला हवं."

"गाइड मिळतात त्यासाठी."

"मिळतात? लाल छत्रीवाल्या?"

त्रिनीमावशीनं बहिणीला कोपरखळी मारली. खुर्च्या इतक्या जवळ होत्या की ती मलाही लागली.

"आणि हे अहो-जाहो काय लावलंय तुम्ही दोघांनी?" ओबदुलियामावशी म्हणाली. "पालिकेच्या खिडकीवर उभे आहात का? हल्लीची पोरं नाव विचारायच्या आधी अरेतुरे करतात."

"पाहुण्यांना मी अहोच म्हणते, मावशी," मी म्हणाले. "सवय आहे कामाची."

बी फोडता फोडता एलोयचा हात मध्येच थांबला, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, सकाळच्या घोळक्याला बसमध्ये बसवून दिल्यावर, आम्ही निघालो. कोपऱ्यावर आलो आणि माझा हात आपोआप वर गेला.

"छत्री कोणासाठी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही हरवू नये म्हणून."

"एकटाच तर आहे मी. हात खाली घ्या." आणि माझ्या बोटांतून त्यानं हळूच छत्री काढून घेतली, आपल्या काखेत मारली. "नाही हरवणार मी. शब्द देतो."

त्या रिकाम्या हाताचं काय करायचं ते मला कळेना. खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा खिशात घातला.

"तर ही दोर वळणाऱ्यांची गल्ली," मी सुरू केलं. "जुन्या काळी इथं गलबतांसाठी लागणारे..."

"अक्षरं बरोबर आहेत?"

"आहेत."

"मग झालं. आता मला दुसरं सांगा. या गल्लीत दमल्यावर तुम्ही बसता कुठं?"

मी थांबले. "बसते?"

"हो. नकाशा बघितला मी तुमच्या गावाचा. चर्च आहे, तोफ आहे, दीपगृह आहे, संडाससुद्धा दाखवलाय. दमलेल्या माणसानं टेकायचं कुठं, ते नाही."

"मी बसत नाही. माझ्या मागे माणसं असतात."

"आज नाहीत ना..."

वाऱ्यानं एक खिडकी धाडकन लावली. मला आठवेना. माझ्याच गावात, जिथं मी रांगले तिथं, बसायची जागा मला आठवेना! मग एकदम आठवली. मासळी बाजाराच्या मागल्या दाराची पायरी. लहानपणी आई मासळी घ्यायला आत जायची तेव्हा मला तिथं बसवून जायची. रुंद, काळा दगड, कायम ओलसर, कायम गार.

तो दगड होता तिथंच होता. दुकान आवरून एक कोळीण पाय पसरून बसली होती. आम्हाला बघून सरकली. कोपऱ्यावरच्या गाडीवरून एलोयनं तळलेल्या माशाचा कागदी शंकू आणला, आंबट मसाल्यात मुरवलेला, गरम गरम. आम्ही दोघं एकाच कागदात बोटं घालून खात होतो, आणि कोणाला काहीही सांगायचं नव्हतं. दगडाचा गारवा पायांतून वर चढत गेला. मला तिथंच झोप लागली असती.

"ही एक झाली," बोटं चाटत तो म्हणाला. "आणखी?"

आणि मग जागा आठवतच गेल्या. पाट्या बघायचं नाव, आणि आम्ही शोधत होतो टेकायच्या जागा. औषधांच्या दुकानाचा उंबरठा, जिथं दुपारी सावली सगळ्यांच्या आधी येते. बंदरावर वाळत टाकलेल्या जाळ्यांचा ढीग, बसलं की हळूहळू आत ओढून घेणारा. दोघंही त्यात रुतलो, आणि उठताना त्यानं दिलेला हात सोडायला मला जरा उशीर झाला... म्हणजे मुद्दाम नाही. थोडा मुद्दाम.

"उबेदाला तुमची जागा कुठली?" मी विचारलं.

"उबेदाला कुठं असतो मी? या गावच्या पाट्या झाल्या की त्या गावच्या. लोकांच्या गल्ल्यांना नावं लावत फिरतो. जिथं जाईन तिथं चांगली खुर्ची मिळते," तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "पाहुण्यांची."

गुरुवारी त्याला मी चर्चच्या मागे नेलं. तिथं दोन जाड भिंती काटकोनात मिळतात आणि वारा आत शिरत नाही. सगळं गाव घोंघावत असतं, आणि तिथं मात्र एकदम चूप. इतकं, की माणूस आपोआप कुजबुजायला लागतो.

"आता ती गोष्ट सांगा," तो कुजबुजला. "नवरेवालीची. घोळक्याला सांगता ती."

"नको हो. कंटाळा येतो."

"थोडक्यात सांगा. हात वर न करता."

मी भिंतीला डोकं टेकलं. "एक बाई होती. नवरा ट्यूना माशांच्या नावेवर गेला, तो परत आला नाही. बाई देखणी, घर चांगलं. गावातले पुरुष खिडकीखाली यायचे, मागणी घालायचे. आणि प्रत्येक वेळी ती खिडकीतून ओरडायची, 'कासा! कासा!' माझं लग्न झालंय! म्हातारी झाली तरी ओरडत राहिली. म्हणून नवरेवालीची गल्ली. इथं लोक उसासे टाकतात. मग मी त्यांना आइस्क्रीमच्या दुकानाकडे नेते."

त्यानं मान वर करून भिंतीपलीकडचा वारा ऐकला.

"लेवान्ते असेल ना तेव्हाही?"

"असणारच. का?"

"नाही, म्हटलं... वरच्या खिडकीतून बाई ओरडतेय, खाली वारा सुटलाय. मी फोन कानाला लावूनसुद्धा चुकलो." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ती 'कान्सा' म्हणत असली तर? दमले. दमले मी, जा आता. आणि लोकांनी खाली ऐकलं, नवरेवाली."

मला हसू यायला हवं होतं. पण माझे डोळे भरून आले, एकदम, काही सूचना न देता. इतकी वर्षं मी तिची गोष्ट सांगत होते, छत्री वर धरून, उसासे गोळा करत. एवढ्या लोकांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. बाई, जरा बस, असं तिला एकानंही म्हटलं नाही. मीसुद्धा.

त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमाल निळ्या रंगानं माखलेला होता, आणि माझ्या गालावर काय उमटलं ते मला घरी गेल्यावर आरशात दिसलं.

"मी जातेय," मी म्हणून टाकलं. "वाय्यादोलिदला. दातांच्या डॉक्टरांकडे नोकरी आहे. उद्या हो म्हणायचंय."

भिंतीपलीकडे वारा आपटत होता.

"बसून काम?" त्यानं विचारलं.

"बसून."

"चांगलं आहे मग," तो म्हणाला. छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. "वारा पडू द्या पण. वाऱ्यात नका ठरवू."

एवढंच! जाऊ नका, म्हटलं नाही. मी वाट बघितली, हे कबूल करते. घरी परत येईपर्यंत वाट बघितली. दारापाशी त्यानं नुसती मान हलवली आणि तो बंदराकडे चालता झाला. बावळट मेला, मी मनात म्हटलं. एक 'न' जास्तीचा लिहिता आला, आणि एक 'नको' तोंडातून निघत नाही! रागाच्या भरात दोन बॅगा भरल्या. छत्री त्याच्याकडेच राहिलीय हे मग लक्षात आलं.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा गाव कसं सुतासारखं सरळ झालं होतं. वारा पडला होता. संध्याकाळी महापौर आले, बोलले, फीत कापली, आणि दुसऱ्या गल्लीतली फीत कापायला गेले. नवी पाटी भिंतीवर झळकत होती. 'कासादा'ची गल्ली. एकही 'न' इकडचा तिकडे नाही.

"शी!" त्रिनीमावशी म्हणाली. "सुंदर आहे. पण शी!"

एलोय शिडीवरच होता. "थांबा मावशी, झालं नाही अजून." त्यानं पिशवीतून एक छोटी टाइल काढली आणि मोठ्या पाटीच्या खाली बसवली. आमच्याकडे रस्त्याचं नाव बदललं की खाली बारीक अक्षरांत जुनं नाव लिहायची पद्धत आहे. तिच्यावर त्यानं लिहिलं होतं: पूर्वीची दमलेलीची.

मी पुन्हा वाचलं. नवरेवालीची गल्ली, पूर्वीची दमलेलीची.

"उलटं लिहिलंस रे!" त्रिनीमावशी टाळ्या पिटत ओरडली. "आधी नवरा येतो, दमणं मागून!"

मी इतकी हसले की मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तोही शिडीवर हसत होता, कानापर्यंत लाल होऊन. मग खाली उतरला, शिडी मिटली, हात पुसले. काम संपलं होतं. त्याची गाडी कोपऱ्यावर भरून तयार उभी होती, ती मी दुपारीच पाहिली होती.

"बस," ओबदुलियामावशी म्हणाली, आणि गवताच्या विणीची खुर्ची पुढे सरकवली. "जायच्या आधी घटकाभर टेक."

एलोयनं खुर्चीकडे पाहिलं.

"नको, मावशी," तो म्हणाला.

दिलेली खुर्ची नको म्हणतात होय कोणी? दोघी बहिणींची तोंडं उघडीच राहिली. त्यानं शिडी खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तोही गेला.

"बंदराचा रस्ता," त्रिनीमावशी पुटपुटली. "तिकडूनच हमरस्त्याला लागतात."

माझ्या मांडीवर फोन वाजला. चेलो.

"काय गं, ठरलं का? डॉक्टर थांबलेत."

मी पाटीकडे पाहिलं. छातीत काहीतरी चुरत होतं, खोटं कशाला बोलू. मला तो हवा होता. तरी त्या दुखण्याच्या बाजूलाच मला बाजारामागची पायरी दिसत होती, औषधांच्या दुकानाचा उंबरठा, चर्चमागची ती चूप जागा. कोणाला दाखवायच्या नव्हत्या. माझ्या होत्या. मी गावाला कंटाळलेच नव्हते. मी इथं कितीतरी दिवसांत बसलेच नव्हते.

"नाही येत मी," मी म्हणाले.

"त्या टाइलवाल्यासाठी? त्रिनीमावशीनं सगळं सांगितलंय मला!"

"तो गेला, चेलो. आत्ताच गेला." माझा आवाज फाटला. "तो गेला तरी मी येत नाही. मला बसायला जागा सापडलीय इथं."

"विसी, तू रडतेयस..."

"हो. रडून झालं की खुर्ची आत घेईन. उद्या सकाळी बुर्गोसची दुसरी बस आहे."

फोन ठेवला. दोघी मावश्या बिया फोडायच्या विसरून माझ्याकडे बघत होत्या. ओबदुलियामावशीनं मूठभर बिया माझ्या ओंजळीत टाकल्या, आणि मी एक दाताखाली धरली. अंधार पडायला आला तरी बाकीच्या ओंजळीत तशाच होत्या, तेव्हा कोपऱ्यावर पावलं वाजली.

एलोय येत होता. काखेत माझी लाल छत्री. आणि डोक्यावर, दोन्ही हातांनी पाय धरून, खुर्ची. बर्फाच्या कारखान्यातली जुनी लाकडी खुर्ची, बसायची फळी निळ्या रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली. धापा टाकत तो आमच्यापाशी आला आणि उभा राहिला.

"मेल्या, ती पाहुण्यांची खुर्ची काय चावत होती का?" त्रिनीमावशी म्हणाली.

"नाही, मावशी. पण ती पाहुण्यांची."

ओबदुलियामावशीनं बहिणीच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं खुर्ची खाली उतरवली. माझ्या खुर्चीच्या शेजारी, पण हात अजून पाठीवरच.

"गाडी?" मी विचारलं.

"सामान उतरवून आलो. भट्टी पुन्हा मांडावी लागेल..." तो अडखळला. "काल मला म्हणायचं होतं. जाऊ नका, असं. पण वारा होता. तुम्ही काही भलतंच ऐकलं असतं, तर... आणि तुम्हाला जायचंच असेल तर जा. मी दातांच्या डॉक्टरांच्या विरोधात नाही. पण मी दमलोय."

"कशानं?"

"सगळीकडे पाहुणा असण्यानं."

वरच्या खिडकीत आठवड्याच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी दिवा लावला. पाटीवरची दोन्ही नावं उजळली. भुवईवरचा तो निळा ठिपका अजून तसाच होता. मी बोट ओलं केलं आणि पुसून टाकला.

"बसू का?" त्यानं विचारलं. "तुमची हरकत नसेल, तर..."

मी माझी खुर्ची जराशी सरकवून घेतली. ओंजळीतल्या अर्ध्या बिया त्याच्या हातावर ठेवल्या.

"बस ना रे," मी म्हणाले.